फळ्यावर लिहिलेलं पाणी

माझ्या कथेतला माणूस एकदाही चुकत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या लक्षात आलं, आणि तिनं ते अशा काही सुरात सांगितलं की आधी मी तिच्यावरच संशय घेतला.

तो माणूस म्हणजे माझे वडील. गावात नळाला पाणी सोडायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. टाकीखाली दोन व्हॉल्व्ह होते, एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. आम्ही वरच्या आळीत राहायचो. दोन्ही एकदम उघडले तर सगळं पाणी उताराला पळायचं आणि वरचे नळ कोरडे राहायचे. म्हणून एका वेळी एकच उघडायचा. उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरायची, तेव्हा दुसऱ्या नंबराला उरलंसुरलं मिळायचं. गावातली माणसं पाण्याच्या शिस्तीसाठी नावाजलेलं हिवरे बाजार गाव पाहून आली आणि ग्रामसभेत नियम झाला: एक दिवस वरची आळी आधी, एक दिवस खालची. उद्या कोणाची पाळी हे आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं. वडिलांना सहीपुरतंच लिहिता यायचं. ते सांगायचे आणि खडूनं मी लिहायचे.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आज शहरात, सावेडीत राहते, कॉलेजात मराठी शिकवते. हे वडिलांमुळे झालं असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. एका दिवाळी अंकानं कथा मागितली तेव्हा त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं. माझ्या कथेतला माणूस पहाटे खांद्यावर पाना टाकून निघतो, आणि स्वतःची बायको रिकामा हंडा घेऊन उभी असताना आधी खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडतो. ते लिहिताना मला रडू आलं. कथा इतक्या सहज कधीच लिहून झाली नव्हती. तिथंच शंका यायला हवी होती.

गावाकडचे तपशील तपासावेत म्हणून कथा मोबाईलवर मैत्रिणीला पाठवली. ती खालच्या आळीतली, नववीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. आता गावातच अंगणवाडीत मदतनीस आहे. रविवारी तिच्या घरी गेले तर ती ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"वाचलीस का गं?"

"वाचली की. दोनदा. लई गोड लिहिलंय. तुजे अण्णा देवमानूसच हायेत त्याच्यात."

"त्याच्यात म्हणजे?"

"म्हंजे गोष्टीत." तिनं शेंग मोडली. "प्राध्यापकीणबाई, एक इचारू? आपन नववीत हुतो त्या उन्हाळ्यात आमच्या आळीला आधी पानी कवा आलं?"

"एक दिवसाआड. फळ्यावर मीच तर लिहायचे."

"व्हय, तूच लिहायचीस. अक्षर बी कसं, छापल्यागत. आमी फळा वाचून हंडे मांडायचो आन् नळाकडं बघत बसायचो."

मला हसू आलं नाही. तिलाही हसायचं नव्हतं. मार्चनंतर सकाळची शाळा असायची, सातला. ती सांगत गेली: त्या उन्हाळ्यात तिच्या नळाला साडेसातनंतर पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. आई शेतावर, घरात पाणी भरणारी हीच. आठवडेच्या आठवडे शाळा बुडाली. वार्षिक परीक्षेला ती बसलीच नाही, आणि पुढं कोणी तिला शाळेत पाठवलं नाही.

"रोज असं व्हायचं?"

"रोज न्हाई. एखाद्या रविवारी, शाळा नसली की, सोडायचे की आधी. गावाला दाखवायला."

परत येताना एसटीत मी तिच्याबद्दल वाईट विचार केले. हिला माझं शिकणं सलत असेल. इतक्या वर्षांनी कोणाला वेळा आठवतात? विचार करतानाच लाज वाटत होती, तरी करत होते. मग कंपासपेटी आठवली. त्या वर्षी पूर्ण हजेरीसाठी मला शाळेनं कंपासपेटी दिली होती. आमच्या घरीही पाणी मीच भरायचे. नियमाप्रमाणं पाणी एक दिवसाआड उशिरा आलं असतं, तर एक दिवसाआड मलाही उशीर झाला असता. मला एकदाही झाला नव्हता. आणि ती पेटी मी कथेतही घातली होती, वडिलांच्या कष्टाचं फळ म्हणून.

पुढच्या रविवारी वडिलांना विचारलं. अंगणात खाटेवर बसून ते चहा पीत होते.

"अण्णा, मी नववीत होते त्या उन्हाळ्यात पाणी आधी कोणाला सोडायचात?"

"फळ्यावर आसंल तसं."

"अण्णा."

त्यांनी कप खाली ठेवला. "वरच्या आळीला चढ हाय. टाकी उतरली की वर पानी चढतच न्हाई. खालच्यास्नी कसंबी भेटतंय."

"मग फळा कशाला?"

"फळा ग्रामसभेचा हुता." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तुजी शाळा सातला. तू हंडे घेऊन बसली आसतीस, तर आज कालेजात कोन गेलं आसतं?"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "हे गोष्टीत घालनार व्हय?"

"घालू?"

"माजं घालतीस तर तुजंबी घाल. अक्षर तुजं हुतं. आन् सकाळी आपल्या नळाला धार लागलेली तुला दिसत हुती."

दिसत होती. 'उद्या खालची आळी आधी' असं संध्याकाळी मी लिहायचे, आणि सकाळी दप्तर पाठीला लावण्याआधी भरलेल्या हंड्यावर झाकण ठेवायचे. दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. कथेत तर मी फळाच खरा धरला होता.

कथा पुन्हा लिहायला घेतली. तेव्हा माझ्या मायेची खोड मला कळली. पहिल्या खर्ड्यात वडिलांवर दबाव आणणारा एक सरपंच आला. असा कोणी नव्हता. तो काढला, तर दुसऱ्या खर्ड्यात खालच्या आळीतली मुलगी मोठी होऊन पाणी सोडणाऱ्याला माफ करते. मैत्रिणीनं कोणाला माफ केलेलं नाही. ती माझ्याशी बोलते, चहा देते, एवढंच. तिसऱ्या खर्ड्यात सगळं जागेवर आलं असं वाटलं. तरी आता मला स्वतःच्या प्रत्येक गोड वाक्याचा संशय येतो, म्हणून एक दिवस थांबून पुन्हा वाचलं. खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवताना 'त्याचे हात गारठ्यानं थरथरत होते' असं एक वाक्य निघालं. एप्रिल महिना, आणि गारठा! त्यांच्यासाठी मी हवामानसुद्धा बदललं होतं. वाक्य खोडलं. हात नुसते पाना धरून राहिले.

वडिलांना कथा वाचून दाखवली. फळ्याजवळ आले तेव्हा ते म्हणाले, "हळू वाच." शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून गोठ्याकडं गेले.

अंकाकडं पाठवायच्या आधी मैत्रिणीला पाठवली. कथेतली मुलगी दोन हंडे मांडून नळापाशी बसते. दुपारी तिचा एका ओळीचा मेसेज आला: "हंडे दोन न्हवते, चार हुते."

मी चार केले आणि कथा पाठवून दिली.