फिर्यादीच्या गळ्यातला मुद्देमाल

ती फिर्याद मला आजही शब्दन् शब्द आठवते, कारण एकेका वाक्यासाठी फिर्यादीला गळ्याला बोट लावावे लागत होते. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मी साताऱ्याकडचा माणूस, बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर-नांदुरा पट्ट्यातल्या एका ठाण्यावर ठाणेदार म्हणून नवा होतो. गावाचे नाव घेत नाही. त्या दोन्ही घरांची नातवंडे अजून तिथेच राहतात.

फिर्यादी हा बैलबाजारातला दलाल, साठी उलटलेला. घशात गाठ झाली म्हणून त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेले होते. गाठ निघाली, पण श्वासासाठी गळ्याला भोक ठेवावे लागले आणि त्यात बोटाएवढी वाकडी चांदीची नळी बसवली गेली. नळी नाडीने मानेला बांधलेली असे. बोलायचे झाले की तो नळीच्या तोंडावर बोट दाबायचा, मग आवाज वर येई. बोट काढले की नुसता वारा.

"साहेब, सोनारानं मले लुटलं," तो म्हणाला. "नळीची कडी निसटली व्हती. ते जोडाले त्याच्याकडं देल्ली. त्यानं चांदीची ठेवून घेतली, अन् पितळेची नळी वर मुलामा देऊन..." इथे त्याला राग अनावर झाला, त्याने दोन्ही हात उंचावले आणि उरलेली फिर्याद हवेत गेली.

"बोट लावा भाऊ, बोट," आमचे जमादार शांतपणे म्हणाले. ते निवृत्तीला टेकले होते आणि त्यांना कशाचेच नवल वाटत नसे.

हकीगत अशी की काही दिवसांपासून नळीत कफ चिकटून बसायचा, वास यायचा, भोकाभोवतीची कातडी लाल झाली होती आणि संध्याकाळी ताप चढायचा. एकदा नळी उन्हात धरली तर कडा पिवळ्या दिसल्या. झाले. म्हाताऱ्याने भर आठवडी बाजारात सोनाराला चोर म्हटले. लहान गावात सोनाराचा धंदा म्हणजे दुसऱ्याचा दागिना आपल्या हातात. तो हात चोराचा ठरला की दुकान उघडे ठेवून उपयोग नाही. लोकांनी घडायला टाकलेल्या वस्तू परत न्यायला सुरुवात केली होती.

गुन्हा नोंदवायचा तर मुद्देमाल जप्त करायला हवा. जमादारांनी लाख, मेणबत्ती आणि ठाण्याचा शिक्का काढून मांडला. मग आम्ही सगळे फिर्यादीच्या गळ्याकडे बघत राहिलो. मुद्देमाल तिथे होता. एकदा मालखान्यात गेलेली वस्तू खटल्याचा निकाल लागल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि ही वस्तू बाहेर काढून ठेवली तर भोक आवळू लागते, असे सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी बजावले. त्यांच्याकडे रबराची एक नळी होती, पण तिला घाण आणखी लवकर धरते, एखाद-दुसऱ्या दिवसापलीकडे तिचा भरवसा नाही, असेही ते म्हणाले.

शेवटी गळ्याचा पंचनामा केला. "साहेब, वस्तू मिळण्याचं ठिकाण काय लिहू?" जमादारांनी विचारले. मी सांगितले, "फिर्यादीच्या हनुवटीखाली." दोन पंचांपैकी एकाने आत डोकावून पाहिले आणि तो जो बाहेर गेला, तो सहीलाच परत आला. नळी फिर्यादीच्याच ताब्यात दिली. मुद्देमाल विकणार नाही, कोणाला देणार नाही, हुकूम होताच हजर करीन, अशा सुपूर्तनाम्यावर त्याने अंगठा उठवला. जमादारांनी त्याला समज दिली, "आता हे नळी सरकारची हाय. सांभाळून श्वास घ्या."

दोन दिवसांत खबर आली. आमचा खबऱ्या चहाच्या टपरीवर बसून गावाची देखरेख करायचा. तो म्हणाला, सोनाराच्या गल्ल्यात एक वाकडी नळी आहे, आणि कोणी नसले की तो ती तोंडात घालतो. आम्ही पंच घेऊन झडती घेतली. वाकडी नळी मिळाली. ती सोनाराची बाकनळी होती. दिव्याची ज्योत फुंकून डाग देण्यासाठी, म्हणजे दागिन्याचा सांधा जोडण्यासाठी, प्रत्येक सोनाराकडे ती असतेच, आणि फुंकायची म्हणजे तोंडातच घालावी लागते. आजूबाजूची माणसे तोंड फिरवून हसत होती. मी खबऱ्याला पुढे महिनाभर चहा पाजला नाही.

सोनाराला चौकशीसाठी ठाण्यात आणले. किडकिडीत, तापट माणूस. खुर्ची दिली तर बसला नाही.

"कडी जोडली अन् नळी त्याच्या बायकोच्या हाती देल्ली," तो म्हणाला. "नळी तेच हाय. याच्यावर मी काऊन काही कबूल करू?"

मी फिरवून फिरवून विचारले. दरडावून विचारले, गोडीने विचारले. खोटे बोलणाऱ्याची हकीगत दर वेळी थोडी सुधारत जाते, असा माझा अनुभव. याची होती तशीच कंटाळवाणी राहिली. तिथेच मला शंका आली, पण शंकेवर नळी पांढरी होत नाही.

मग दलालाच्या बायकोचा जबाब घेतला. नळी परत मिळाल्याचे तिने मान्य केले. पुढे मी सहज विचारले, "मग ती खराब कशी झाली?" बाईला ते फार लागले.

"खराब? माह्या हातानं?" ती म्हणाली. "दिसातून तीनदा घासते मी. राख अन् चिंच. आतून सुतळीले राख लावून ओढते. मुंबईची नर्सबाई म्हने, साबनाच्या पान्यानं धुवा अन् उकळा. नुसत्या पान्यानं कोनतं भांडं निघते, साहेब?"

जमादारांनी शब्दन् शब्द लिहून घेतले. मीही मान डोलावली. अशी स्वच्छ बाई त्या घरात आहे याचे मला कौतुकच वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेड होती. माझा शिपाई पट्ट्याचे बक्कल आणि शिट्टी रोज पावडरीने घासून आणायचा, त्याचा त्याला अभिमान होता. शिट्टी ओठाला लावताना दिसले की तिचे तोंड पिवळे पडले आहे. वरचे निकल उडून आतले पितळ उघडे पडले होते. माझी शिट्टी कोणी बदलली नव्हती. मी परेड तशीच उभी ठेवून हसू लागलो. साहेब हसतात तर आपणही हसावे की सावधान राहावे, हे शिपायांना कळेना.

दलालाला डॉक्टरांकडे नेले आणि भिंगातून नळी तपासली. कडीच्या खाचेत, जिथे राख पोचत नव्हती, तिथे चांदी शाबूत होती आणि त्या चांदीत मुंबईच्या दवाखान्याच्या कागदावरचाच बारीक क्रमांक कोरलेला होता. बाकी सगळीकडे पितळ. म्हणजे नळी तीच होती, पण पहिल्यापासून पितळेची, आणि तिच्यावर चांदीचा पातळ थर होता. डॉक्टरही तिला निव्वळ चांदीची समजत होते.

त्यांनी मला समजावले की जंतूंना अडवायचे काम वरचा थर करतो, आत काय आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. थर गेला, त्यात राखेचे ओरखडे पडले, जंतूंना बसायला जागा झाली. एकदा बसले की ते आपल्याभोवती बुळबुळीत साय धरतात, न धुतलेल्या माठाला धरते तशी, आणि मग तिच्या आत औषधही नीट पोचत नाही. मला हे चटकन पटले. सरकारी जागेवर झोपडी उठू देऊ नये, उठली की हलवणे कठीण, हे पोलिसाला कोणी शिकवावे लागत नाही.

दोन्ही पक्षांना ठाण्यात बोलावून मी निष्कर्ष सांगितला. बाईने नवऱ्याच्या गळ्याकडे पाहिले.

"म्हंजे म्याच यायच्या जिवावर..." ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. म्हाताऱ्याने जमादारांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. मला त्या क्षणी आपली हुशारी नकोशी वाटली.

नळीला पुन्हा मुलामा द्यायला हवा होता आणि तो देणारा गावात एकच माणूस होता.

"देतो," सोनार म्हणाला. "पन बाजारात चोर म्हटलं, बाजारातच साव म्हना. आधी माहं नाव, मंग नळी."

डॉक्टर संतापले, ताप रोज वाढतो आहे म्हणाले. सोनार हलला नाही. त्याला मुलामा द्यायला लावणारे कलम माझ्याकडे नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्याची मागणी मला रास्त वाटली.

बाजार दुसऱ्याच दिवशी होता. ठाण्याबाहेर म्हाताऱ्याने मला गाठले. "साहेब, सोनार साव हाय म्हटलं तर लोक इचारतीन, चांदी गेली कुठं? मंग हिचं नाव घेऊ काय? भर बाजारात?" मी म्हणालो, खरे काय ते सांगा. यापेक्षा निरुपयोगी सल्ला मी नोकरीत कोणाला दिला नसेल.

दुसऱ्या दिवशी तो बैलबाजारात एका गाडीवर चढला. तापाने डोळे लाल झाले होते. सोनार समोर हाताची घडी घालून उभा होता. मी, जमादार आणि रबराची नळी घेऊन आलेले डॉक्टर कडेला होतो. म्हाताऱ्याने बोट दाबले.

"सोनार साव हाय. त्यानं काही घेतलं नाई. नळी म्याच घासली. राखेनं. माह्या हातानं म्या चांदी काढली, अन् आळ त्याच्यावर घेतला."

तेवढ्यात भाजीच्या पालांकडून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"तुमी घासली? जलमात एक वाटी तरी घासली काय तुमी?"

सगळा बाजार हसला. सोनारही हसला, आणि त्याच्या हातांची घडी सुटली. बाई मात्र हसली नाही. ती पुढे येऊन म्हणाली, "म्या घासली. याइले बरं वाटावं म्हनून घासली. सोनारदादा, मले माफ करा."

सोनाराने तिच्याकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे हात पुढे केला. "आना नळी," एवढेच म्हणाला. डॉक्टरांनी तिथेच रबराची नळी बसवली. संध्याकाळपर्यंत मुलामा झाला. पुढच्या काही दिवसांत ताप उतरला, आणि त्या घरात नळीपुरती राख बंद झाली.

मी प्रकरण 'सी समरी'ने मिटवले. म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि मुद्दाम केलेली खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. या प्रकरणाने मला एक शिकवले. नुकसान झाले की माणूस आधी वैरी शोधतो. त्यानंतर मी पहिला प्रश्न वेगळा विचारू लागलो: या वस्तूला सगळ्यात जास्त जपते कोण? पुष्कळदा उत्तर तिथेच निघाले.

आणि खोटे बोलणारे तर नोकरीत रोजच भेटले. बहुतेकांनी आपला गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घातला. बायकोची चूक आपल्या अंगावर घेण्यासाठी, एकेका शब्दाला श्वास खर्चून, ठाणेदाराच्या देखत खोटे बोलणारा मला एकच भेटला. त्या दिवशी बाजारात त्याचे ते खोटे ऐकून जमादारांनी वही काढून माझ्याकडे पाहिले होते. मी नको म्हणून मान हलवली, आणि त्यांनी ती न लिहिताच मिटली.