मोटर चालू असताना

बियाण्याला चोळायच्या औषधाचा उग्र वास आला, की मला जालना एमआयडीसीतला बियाण्यांचा कारखाना आठवतो. नव्वदच्या सुमारास मी तिथं कॉम्प्युटर सांभाळायला नुकतीच लागले होते. युनिक्सवर चालणाऱ्या आमच्या एकुलत्या मशीनला गोदामातले पडदा-कीबोर्डवाले टर्मिनल जोडायचे होते आणि त्यासाठी जास्तीचे सिरियल पोर्ट, म्हणजे टर्मिनलच्या तारा खोवायच्या जागा, देणारं कार्ड निवडायचं काम माझ्याकडे आलं. दोन दुकानदारांनी एकेक कार्ड तपासायला दिलं होतं. ऑफिसात दोन्ही छान चालली, म्हणून त्यातलं जास्त वेगाचं मी पसंत केलं. तेवढ्यात आमचे वयस्कर वायरमन चाचा म्हणाले, "मॅडम, इथं तर बराबर चालून राह्यलं. गोदामातली मोटर चालू असताना बघितलं का?" मी नाही म्हटलं. "मंग बघा की. जल्दी कशाची?" आम्ही तेच कार्ड ठेवून गोदामात एक टर्मिनल जोडला. त्यांनी बी निवडायच्या यंत्राची मोटर सुरू केली आणि तिच्या विजेच्या खरखरीने गोदामातल्या पडद्यावर लॉट नंबरांची पार खिचडी झाली. तपासणीत नापास झालेला बियाण्याचा लॉट पास दिसला असता, तर तेच बी मंठ्या-आष्टीच्या शेतांत पेरलं गेलं असतं. मग दुसरं कार्ड बसवून चाचांनी तीनदा मोटर चालू-बंद केली, पण एक अक्षर हललं नाही. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "हेच कार्ड का?" मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "मॅडमनी मोटर लावून तपासलं, साहेब." मी नवखी होते, नुसती मान डोलावली. त्या दिवसापासून कारखान्यात माझ्या शब्दाला वजन आलं. ती अक्कल माझी नव्हती, चाचांची होती, हे साहेबांना सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आज इथं लिहून ठेवतेय.