संगणकासाठी बोटभर मोठं माप

आमच्या घरातला पहिला संगणक माझ्या अंगठ्यांखाली वारला. साल अठ्ठ्याऐंशी, मुक्काम रत्नागिरी, साक्षीदार दोन: नाना आणि आई.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचा टंकलेखनाचा वर्ग. वीस वर्षं खडखडाट जोरात चालला, मग मुलं एसटी स्टँडजवळच्या नव्या संगणक वर्गाकडे वळली. आमच्याकडे उरले तिघे, त्यातला एक माझा मावसभाऊ (त्याला मावशी दटावून पाठवायची). म्हणून मी मुंबईला सहा महिन्यांचा कोर्स केला आणि येताना एक जुना संगणक घेऊन आलो. आठ मुलांनी नावं नोंदवली. नाना एकदाच बोलले, "दसऱ्याला वर्ग सुरू झाला तर तू इथे राहा. नाय झाला तर मुंबईला नोकरी बघ." मला मुंबई नको होती. मी जावं असं नानांनाही वाटत नव्हतं, पण तसं बोलून दाखवणाऱ्यातले ते नव्हते.

दसरा पंधरा दिवसांवर आला आणि संगणकाचा पडदा काळा झाला. झाकण काढून बघतो तर पडद्यावर अक्षरं आणणारं कार्ड खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. नवं कार्ड मुंबईलाच मिळणार.

"कुठलं आणायचं ते ठाऊक आहे ना तुला?" नानांनी विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो. (कोर्समध्ये सरांनी झाकण एकदाही उघडलं नव्हतं.)

आई म्हणाली, "हेच कार्ड पाठव की नमुन्याला."

मी हसलो. "अगं, नमुना दिला तर तोच पुसून परत देतील." आईचं ऐकलं असतं तर ही हकिगत इथेच संपली असती.

आमच्याकडे मुंबईहून चप्पल मागवायची तर माडाच्या झापाचा हीर, म्हणजे पात्यामधली काडी, पावलाला लावतात, मापाला तोडतात आणि जाणाऱ्याच्या हाती देतात. मी हीर कार्डाच्या खाचेला लावला. तोडताना बोटभर जास्त ठेवला. माप तसंच द्यायचं असतं, म्हणजे चप्पल चावत नाही.

मुंबईत हॉटेलात कामाला असलेल्या चुलतभावाकडे, दिगूदादाकडे, हीर पोचला. दसऱ्याच्या आदल्या सकाळी तो कार्ड घेऊन दारात हजर.

"दुकानदार इचारी, मशीन कुठला? मी म्हटलं, माप हाय ना. त्याने दोन कार्डं काढली. एक हिराहून आखूड, एक लांब. मी लांब घेतलं. आखूड घेऊन चालतंय काय?"

"शहाणा आहेस हो दादा," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, हे सांगायला आजही लाज वाटते.

कार्ड बसेना. पुढचा भाग खाचेवर, मागचा चांगला तीन बोटं बाहेर, आणि तो खालच्या मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, एका काळ्या तुकड्यावर अडलेला. आई म्हणाली, "जरा खोबरेल लाव." लावलं. (हो, लावलं.) तरी बसेना.

"राहू दे रे," नाना म्हणाले. "मुलांना सांगू, आठ दिवस थांबा."

थांबलेली मुलं स्टँडकडे जातात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी दोन्ही अंगठे ठेवले आणि अंगात होता नव्हता तो जोर लावला. कट् असा आवाज आला. कार्ड बसलं. खालची पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती.

नानांनी झाकण उचलून अलगद वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, यंत्रांची पूजा. आईने संगणकाला झेंडूची माळ घातली. माळ फोटोला घालतात तशी दिसायला लागली, म्हणून तिने ती काढून टाइपरायटरला घातली. आठ मुलं आली, शिरा खाल्ला, नावं काढून घेतली आणि गेली.

चार दिवसांनी नाना स्वतः माझ्या नोकरीचा अर्ज टाइप करायला बसले. त्यांची बोटं अडखळताना मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला रडू येत होतं.

"संगणकाचा अनुभव काय लिहू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही लिहू नका, नाना."

"असं कसं? काहीतरी लिहायला हवं." त्यांनी एक ओळ टाइप केली आणि कागद माझ्यापुढे धरला. 'यंत्राचे झाकण उघडता येते.'

मी मुकाट्याने सही केली. अख्ख्या अर्जात मला खरोखर येणारी तेवढी एकच गोष्ट होती.