आयकरवाल्यांच्या सभेत काकीची दोन नावं

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय!

आज पनवेलच्या एका हॉलमध्ये आयकर खात्याने लोकांना बोलावलं होतं. आमच्या सेवेत काय सुधारायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाले. मी उलव्याच्या काकीला घेऊन गेले. शाळेत जायच्या आधी मला घरी अक्षरं शिकवली ती हिनेच. तिचा पॅन कार्डाचा अर्ज दोनदा परत आलाय, कारण शाळेच्या दाखल्यावर ती यमुना आणि सातबाऱ्यावर सुमन. पॅनशिवाय तिच्या वाट्याच्या जमिनीचा व्यवहार अडलाय.

बोलू की नको, हे माझं ठरेना. शेवटी काकीने कोपर मारलं, "ऊठ गो, नायतर मीच उठेन."

उठले, काकीची अडचण सांगितली. समोर बसलेले आयकरचे साहेब म्हणाले, "नावात चूक आहे, दुरुस्त करून घ्या."

"चूक नाही, सर. आमच्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात."

"नावं दोन हायत साहेब, बाय एकच हाय!" काकी बसल्या जागेवरून ओरडली. हॉल हसला.

मी धीर करून विचारलं, "इथे आणखी कोणाकोणाचं बदललंय?"

हात वर गेले. साहेबांशेजारी टिपणं घेणाऱ्या मॅडमचासुद्धा!

साहेबांनी ते सगळे हात बघितले. मग म्हणाले, "मॅडम, लिहा. अशा वेळी कोणते कागद चालतील, ते मराठीत बाहेर लावायचं. आणि काकी, उद्या ऑफिसला या, मी स्वतः बघतो."

रिक्षात काकीने विचारलं, "उद्या कोनतं नाव सांगू?"

"दोन्ही सांग," मी म्हटलं.

तुमच्या घरात कोणाचं पहिलं नाव असं मागे राहिलंय? कधी विचारलंत तिला?