हेडमास्तरांच्या पेल्यातलं अंडं

‘मुलींना शरीरशास्त्र आणि मुलांना भौतिक-रसायन, ही आमच्या शाळेची पद्धत आहे, बाई,’ हेडमास्तर तिसऱ्यांदा म्हणाले.

‘पद्धत घाला चुलीत,’ मीही तिसऱ्यांदा म्हटलं. ‘माझ्या कुंदाला रसायनच पायजे.’

पनवेलच्या त्या शाळेत लुगडं खोचून खुर्चीवर बसलेली, हेडमास्तरांशी भांडणारी बाई तोवर कुणी पाहिली नव्हती. माझ्या लेकीला पुढे कॉलेजात सायन्सला जायचं होतं. शरीरशास्त्र घेतलं की ती वाट बंद. विषय निवडायच्या फॉर्मची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि कुंदा दाराशी उभी राहून अंगठ्याने फरशी उकरत होती.

खरं सांगते, हेडमास्तर मऊ पडत चालले होते. मी तिथेच गप्प बसले असते, तर आज हे तोंड वर करून सांगायची वेळ आली नसती. पण गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नाही. तसं वाचणंही कुणी शिकवलं नव्हतं म्हणा. ते मी वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून शिकले.

‘रसायनात प्रयोग असतात,’ ते म्हणाले. ‘ॲसिड असतं. मुली घाबरतात.’

‘प्रयोग आमी मिठागरात रोज करतो. बघा तुमी.’

पाण्याला खार किती चढला, हे माझा बाप अंडं सोडून बघायचा. गोड्या पाण्यात बुडतं, खाऱ्यात तरंगतं. मी तयारीनेच गेले होते. पिशवीत अंडं होतं, मिठाची पुडी होती. भांडं तेवढं नव्हतं. टेबलावर पाण्याने भरलेला एक चकचकीत पितळी पेला दिसला. सोडलं त्यात अंडं.

‘अहो, तो माझा पिण्याचा पेला,’ हेडमास्तर कसेबसे म्हणाले. चातुर्मासात त्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नसे.

‘राखेने घासून देईन. आता बघा, कसं बुडतंय.’

बुडतंय कसलं? मीठ टाकायच्या आधीच ते बुचासारखं वर आलं.

‘पानी खारट हाय तुमचं,’ मी दरडावलं.

‘मी रोज तेच पितो, बाई.’

आता तुम्हीच सांगा, माघार घ्यायची? मी? त्यांचा रूळ उचलला आणि अंडं खाली दाबलं. ते बुडेना, मी दाबणं सोडेना. शेवटी फुटलं.

घाईत ते मी खुडूक कोंबडीखालून उचललं होतं, आणि ती त्यावर किती आठवडे बसली होती ते तिलाच ठाऊक. नासकं अंडं गोड्या पाण्यातही तरंगतं. वासाने शेजारचा संस्कृतचा तास थांबला. हेडमास्तर उपरण्यात नाक खुपसून ‘शरीरशास्त्र, शरीरशास्त्र’ म्हणत फॉर्म ओढू लागले. मी दुसरं टोक धरलं. ‘हा प्रयोग धरू नका, दुसरं अंडं आनते.’

तेव्हा कुठे कुंदा जागची हलली. तिने खिडकी उघडली आणि असं काही बोलली, की हेडमास्तरांनी मुकाट्याने रसायनापुढे सही करून टाकली.

‘सर, हा हायड्रोजन सल्फाइड वायू आहे, खिडकीतून जाईल, आईला मात्र तुम्हीच बाहेर काढा.’