मारुतरावांचं रंगीत मानपत्र

किसन ओव्हाळ स्वतःला आर्टिस्ट समजायचा. ही चहाडी दुसऱ्या कुणाची नाही, त्याची स्वतःचीच. पुढं कधीही ही हकिकत सांगायची वेळ आली की तो सुरुवात इथूनच करी, आणि 'समजायचा' म्हणून झाल्यावर जरा थांबे, ऐकणाऱ्याला हसायला जागा मिळावी म्हणून.

त्याची खरी नोकरी पिंपरीतल्या एका पंपाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. लाकडी खोक्यात पंप बसवायचा, खिळे ठोकायचे आणि अक्षरं कापलेला पत्र्याचा साचा धरून त्यावरून ब्रश फिरवायचा, की खोक्यावर गावाचं नाव उठे. त्याला हात लागतो, कला लागत नाही. पण एकदा कोपरगावचा साचा सापडेना, म्हणून किसननं ते नाव नुसत्या ब्रशानं लिहिलं. खात्यातले लोक म्हणाले, "छापल्यागत आलंय राव." तिथंच घात झाला. त्यानंतर साचे वरचेवर हरवायला लागले. जालन्याच्या 'ल'ला त्यानं असं काही शेपूट काढलं, की मालधक्क्यावरचा कारकून विचारत आला, हे खोकं जालन्याला जायचंय की लग्नाला.

किसननं ती स्तुती समजून घेतली.

एकोणऐंशी सालच्या थंडीत टेस्टिंगचे फोरमन मारुतराव फडतरे निवृत्त व्हायचे होते. कारखान्यातला प्रत्येक पंप त्यांच्या हाताखालून जाई. पाण्याचा दाब देऊन ते पंपाभोवती बोट फिरवत आणि एखादा थेंब जरी लागला तरी "लीक आहे, परत न्या," एवढंच म्हणत. दिवसभरात ते बाकी फारसं बोलत नसत. त्यांना मानपत्र द्यायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं, छापून आणू. किसन खोकी ठोकत होता तिथून मधे बोलला, "छापील कशाला? मी लिहितो की हातानं. रंगीत." त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण फुकट होत असलेल्या कामाला नाही म्हणणारी कमिटी अजून जन्माला यायची आहे.

खोक्यावरचा ऑइल पेंट कागदाला चालत नाही. अक्षराभोवती तेलाचा डाग पसरतो, पेढ्याच्या पुडक्यावर पसरतो तसा. म्हणून किसन रविवारी बायकोला, प्रभावतीला, घेऊन पिंपरी कॅम्पात गेला. गोविंदराम शेठच्या दुकानात त्या वर्षी रंगीत पेनं नवीनच आली होती. शेठनं काचेवर दोन प्रकार मांडले. एक जपानी. त्याचं टोक मऊ, ब्रशासारखं वाकणारं. दाबलं की रेघ जाड, उचललं की केसासारखी. ते सुटं मिळे, एकेक, आणि शेठ ते सोन्याच्या अंगठीसारखं दोन बोटांत धरून दाखवी. दुसरा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकच्या पाकिटातली बारा स्केचपेनं. कंपनीचं नाव नाही, पाकिटावर नुसता पोपट. किमतीला एक जपानी आणि बारा पोपटवाली सारखीच.

किसननं दोन्ही घासून बघितली. जपानी पेनानं त्यानं प्रभावतीचं नाव लिहिलं, मग स्वतःचं, मग मारुतरावांचं, मग कोपरगाव आणि शेपटासकट जालना.

"भाऊ, ट्राय कर, पण पूरा महाराष्ट्र इथेच नको लिहू," शेठ म्हणाला.

प्रभावती म्हणाली, "हे एक काळं घ्या. मानपत्राला एक रंग बास आहे. बघा की, कसलं वळण येतंय."

"एका रंगात मानपत्र?" किसन म्हणाला. "ते नोटीस दिसंल."

"मग ही बारा टिकाऊ तरी हायत का?" तिनं पोपटवाल्यातल्या लाल पेनानं कागदावर रेघ मारली, बोट जिभेला लावलं आणि रेघेवरून फिरवलं. बोट लाल झालं. तिनं ते नवऱ्यापुढं धरलं.

"मानपत्र काय धुवायला टाकायचंय?" किसन म्हणाला.

त्याचा हिशोब सरळ होता. चांगलं एक, वाईट बारा, बारा जास्त. शेठनं पाकीट गुंडाळून दिलं आणि प्रभावती बोट पदराला पुसत बाहेर पडली.

घरी आल्यावर कळलं, की पोपटवाल्या पेनाचं टोक खिळ्यासारखं ताठ आहे. कितीही दाबा, रेघ तेवढीच. जपानी पेनाचं वळण आता किसनच्या डोळ्यांपुढून हलेना. पण आर्टिस्ट हार मानत नाही. शाळेत बोरू तासायचे ते त्याला आठवलं. पेनाचं टोकही तसंच तिरकं कापलं तर जाड-बारीक रेघ येणारच. त्यानं दाढीचं ब्लेड घेतलं आणि पहिल्यांदा काळं पेन कापलं. त्याचा पिंजून कापूस झाला. मग निळं. मग लाल. मग गडद हिरवं. हात बसला तेव्हा कामाचे सगळे रंग कामी आले होते आणि पाकिटात गुलाबी, जांभळा, नारिंगी, पिवळा असे लग्नघरचे रंग उरले होते.

"झकास," किसन म्हणाला. आता त्याला तसं म्हणणं भागच होतं.

तर अशा रीतीनं, जन्मात कधी रंगीत रुमालही न वापरलेल्या मारुतराव फडतऱ्यांचं नाव गुलाबी रंगात, जांभळ्या सावलीसह अवतरलं. 'कर्तव्यदक्ष' नारिंगी झालं. 'शिस्तप्रिय' पिवळ्यात लिहिलं होतं, ते हातभर अंतरावरून दिसेना, म्हणून त्याला जांभळी कड काढली. मग ते जरुरीपेक्षा जास्त दिसायला लागलं. कमिटीतल्या एकानं विचारलं, काच बसवून फ्रेम करायची का? किसन म्हणाला, "नको. काचेमागं रंग मरतात." हे वाक्य त्यानं कुठं ऐकलं होतं ते त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं मानपत्र तसंच उघडं राहिलं.

समारंभ कँटीनमध्ये होता. मारुतराव पांढऱ्या टेरिकॉटच्या नव्या शर्टात, कडेला त्यांच्या पत्नी मंजुळाबाई. हार झाला, शाल झाली, नारळ झाला. कँटीनच्या सयाजीकडं गुलाबदाणीचं काम दिलं होतं. सयाजीला एरवी दोनशे लोकांच्या आमटीत पाणी घालायची सवय, त्यामुळं त्याचा हात सढळ. त्यानं खुर्च्यांवर शिंपडलं, साहेबांवर शिंपडलं आणि नेमकं वाचन चाललं असताना मानपत्रावरही भरपूर गुलाबपाणी सोडलं.

मॅनेजरसाहेब वाचता वाचता अडखळायला लागले. पुढच्या रांगेत बसलेल्या किसनला वाटलं, आपल्या वळणदार अक्षरामुळं साहेबांना भरून आलं. मग त्याला दिसलं, की 'शिस्तप्रिय' हळूहळू खाली उतरून 'मनमिळाऊ'त मिसळतंय. साहेबांनी उरलेलं तोंडपाठ असल्यासारखं उरकलं आणि मानपत्र मारुतरावांच्या हातात दिलं. फोटोवाला म्हणाला, छातीशी धरा. मारुतरावांनी धरलं. त्यांची धरायची पद्धत पान्यावर जोर द्यायची, त्यामुळं घट्ट धरलं.

फोटो झाला. मानपत्र खाली आलं. पांढऱ्या शर्टावर उलट्या, गुलाबी नि जांभळ्या अक्षरांत स्वतः मारुतरावच उठले होते.

मारुतरावांनी मान खाली घालून शर्ट बघितला. एक बोट छातीवरून फिरवलं, डोळ्यांजवळ आणलं आणि म्हणाले,

"लीक आहे. परत न्या."

सगळं कँटीन हसायला लागलं. मॅनेजर हसले, सयाजी गुलाबदाणी टेबलावर ठेवून हसला. किसन तेवढा चहाच्या पिंपाआड जाऊन उभा होता. पिंप त्याच्या छातीएवढंच होतं, त्यामुळं तो लपलाय हे सगळ्यांना नीट दिसत होतं.

आठवडाभर त्याला खात्यात कुणी नावानं हाक मारली नाही. 'गुलाबी' म्हणत. साचे सगळे सापडले, जालन्याचं शेपूट गेलं. शनिवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "नवा शर्ट घेऊन जावं म्हणतो मारुतरावांकडं. माफी तरी मागतो."

"आधी माफी मागू. मी येते संगं," प्रभावती म्हणाली. तिनं ते लाल बोटाचं काही काढलं नाही. किसनला वाटलं, काढलं असतं तर बरं झालं असतं.

मारुतरावांचं घर चिंचवडगावात होतं. मंजुळाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं. किसन मारुतरावांसमोर खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पाठ केलेलं बोलायला लागला. "मारुतराव, माझ्यामुळं तुमची..."

"शर्ट ना?" मंजुळाबाईंनी दोरीवरचा शर्ट काढून आणला. पांढराशुभ्र. "साबण लावायच्या आधीच गेलं सगळं. नुसत्या पाण्यात. मी म्हटलं, असला रंग बघितला नव्हता बाई."

किसनला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला जरा वाईटच वाटलं, की आपली इतकी मेहनत पहिल्या पाण्यातच गेली.

प्रभावतीनं शर्ट हातात घेतला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. "काहीच डाग न्हाई?"

"न्हाई."

मारुतराव उठले आणि आतून मानपत्र घेऊन आले. त्यावर आता सूर्य मावळताना दिसतो तसलं काहीतरी होतं. "हे मी ठेवणार आहे," ते म्हणाले. "त्यातलं निम्मं खोटंच होतं. मनमिळाऊ म्हणे." मग खुर्ची जवळ ओढून बसले. "किसन, मी खाली गिरणी टाकतोय. पिठाची. बोर्ड पाहिजे. लिहशील?"

किसनला वाटलं, चेष्टा करतायत. त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावरून चेष्टा ओळखायची सोय नव्हती.

"मी? परत मीच?"

"खोक्यावर तुझं अक्षर मी रोज बघत होतो. पत्र्यावर चांगलं येईल. पण डब्यातला रंग घे, आणि मी पाणी मारून बघणार."

परत येताना सायकलच्या कॅरियरवर बसलेली प्रभावती त्या शर्टाचाच विचार करत होती. घरी पोचल्यावर तिनं पहिल्यांदा फळीवरचं पोपटाचं पाकीट काढलं. ती उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम करायची. नक्षी कार्बननं उठवावी लागे आणि काम झालं तरी कार्बनची काळी रेघ टाक्यांखालून डोकावत राही. तिनं गुलाबी पेनानं अभ्र्यावर फूल काढलं, रेघेवर टाके घातले, अभ्रा पाण्यातून काढला. फूल राहिलं, रेघ गेली. चाळीतल्या भिमाबाईंनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चार बायका अभ्रे घेऊन बसल्या. उन्हाळ्यापर्यंत गोविंदराम शेठकडून पोपटवाली आणखी पाकिटं आली. किसनच जाऊन आणायचा. आणि भिमाबाईंनी जन्मात पहिल्यांदा पेन हातात धरून काढलेला मोर किसनच्या कुठल्याही मोरापेक्षा सरस होता. हे त्यानं दोनदा तपासून बघितलं.

बोर्ड त्यानं सुट्टी काढून लिहिला. चांगला पत्रा, दोन हात अस्तर, वर निळा ऑइल पेंट. अपमान भरून काढायचा म्हणून 'फ' असा दणदणीत काढला, की रस्त्यापलीकडून वाचता यावा. फडतरे. पिठाची. मग 'गि' आणि 'र'. एवढं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पत्रा संपत आलाय. 'णी'ला हातभर जागा लागणार होती आणि उरली होती चार बोटं. त्यानं 'णी' काढली. उभी, अंग चोरून, बोर्डाच्या काठाला चिकटून.

मारुतरावांनी तांब्याभर पाणी बोर्डावर ओतलं. बोट फिरवलं, बघितलं. बोट कोरडं नव्हतं, पण निळंही नव्हतं. मग ते चार पावलं मागं गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही शेवटची अशी का उभी आहे?"

"दळण घेऊन रांगेत उभी हाय," किसन म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

मारुतराव हसले नाहीत. शिडी घेतली आणि म्हणाले, "लावा वर."

मंजुळाबाईंनी पहिल्या दळणातलं ज्वारीचं पीठ फडक्यात बांधून दिलं. संध्याकाळी प्रभावतीनं ते परातीत घेतलं आणि चिमूट बोटात चोळून बघितली.

"बारीक आलंय," ती म्हणाली.

"णीएवढं?" किसननं विचारलं.

ती हसायला लागली, आणि भाकरी थापता थापता हसतच राहिली.