चमेलीबाईंनी वाजवून दाखवलेली गाडी

आमच्या चोपडा गावात बोललं जातं की तोताराम नाना ठार बहिरे आहेत. कुठल्याशा ट्रॅक्टरचा सायलेन्सर कानाजवळ फुटला आणि ऐकू येणं गेलं. खोटं आहे. आमची खिडकी त्यांच्या गॅरेजवर उघडते, म्हणून सांगते. तीनदा हाक मारली तरी नानांची मान वळत नाही, हे खरं. पण त्याच वेळी बसस्टँडकडून एखादी फटफटी येत असेल, तर ते खाली बघतच म्हणतात, "चेन ढिली शे." लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून बसलेला माणूस तुमची हाक कशाला ऐकेल?

शिवाय नानांना गिऱ्हाइकाचे शब्द चालत नाहीत. "मिसिंग मारते" असं लोक बारा आजारांना म्हणतात, ही त्यांची तक्रार. म्हणून गाडी आणली की पहिला हुकूम, "तोंडघाई वाजाडी दखाड." मग कापडवाले पुखराजशेठसुद्धा भर रस्त्यात गाल फुगवून आपली स्कूटर तोंडाने वाजवतात. ते सगळे आवाज मी जमवलेत. शेठजींची स्कूटर तर मी त्यांच्यापेक्षा बरी वाजवते.

गेल्या गुरुवारी सातपुड्याच्या पायथ्याचा रोहिदास आपली जुनी मोटरसायकल टेम्पोत घालून आला. पुढे ड्रायव्हरशेजारी त्याची आई, चमेलीबाई. त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी जळगावला जावं लागतं. पाड्यावरून सडकेवरची बस गाठायची तर मध्ये एक उभा चढ. मंगळवारी गाडी चढावर बंद पडली. चमेलीबाई चालू लागल्या आणि अर्ध्यात बसल्या त्या बसल्याच. बस गेली. उद्याचीही गेली तर काय, हे रोहिदासनं सांगितलं नाही. तो नुसता टाकीवरची धूळ पुसत राहिला.

चूक त्याचीच होती. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला इवलासा पितळी स्क्रू, मधोमध केसाएवढं भोक. त्यातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. कचरा अडकला म्हणून त्यानं ते तारेनं कोरलं, भोक मोठं झालं. मग जळगावहून जेटचा किट आणला. आत पाच जेट, नव्वदपासून एकशेदहापर्यंत. परीक्षेचे मार्क असावेत तसा त्यानं सगळ्यात मोठा आकडा निवडला आणि बसवला.

"वाजाडी दखाड," नाना म्हणाले.

रोहिदास इतका लाजला की टाकीवरची धूळ संपली तरी हात थांबेना. तेव्हा चमेलीबाईंनी पदर सारखा केला, मागच्या सीटवर बसल्यासारखा एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला आणि सुरू झाल्या. घुं घुं घुं, मग भुबु भुबु भुबु, मग भक्.

मला वाटलं, आवाजांचं आपलं दुकान आता बंद.

"अक्का, शेवटले वल्लं वाजस ना?" नानांनी विचारलं.

"वल्लंच. आन धूर काया."

ओलं म्हणजे पेट्रोल जास्त. प्लग काढला तर तव्याच्या बुडासारखा काळा. नानांनी पाचही जेट तळहातावर घेतले, एकेक उन्हात धरून भोकातून पाहिलं आणि पंचाण्णवचा बसवला. मी खिडकीतून म्हटलं, नाना, चढ मोठा, माणसं दोन, शंभरचा तरी टाका; पंचाण्णववर गाडी वर पोचताना पेट्रोल कमी पडून कोरडं फट् वाजणार. हे मात्र त्यांना लगेच ऐकू आलं.

"लाव पैज. हारनी तं आठ दिन कोनाच आवाज काढाना नही."

मी जिंकले तर लांब पेचकस माझा, असं ठरलं. नानांनी पुलाच्या चढावर गाडी पळवली, मध्येच बंद करून प्लग पाहिला. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग, म्हणजे पेट्रोल बेताचं. मी म्हटलं, पूल म्हणजे काही सातपुडा नाही.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला नानांचा फोन वाजला. त्यांनी मला खिडकीत बोलावलं आणि स्पीकर लावला. आधी नुसता वारा. मग शब्द नाहीतच. चमेलीबाईंच्या तोंडची गाडी. घुंऽऽऽ, एका धाग्यात, वर, आणखी वर. शेवटाला मी कान टवकारून फट्ची वाट पाहत होते. आलं नाही.

"मोटर उनी," चमेलीबाई म्हणाल्या, म्हणजे बस आली, आणि फोन बंद झाला.

नाना फोन खिशात टाकून पुन्हा पेचकस कानामागे लावून बसले.

आज तिसरा दिवस. सकाळीच पुखराजशेठ स्कूटर घेऊन आले होते आणि त्यांनी ती अशी काही वाजवली की मला ओढणी तोंडात कोंबावी लागली. लिहिण्यावर बंदी घालायचं नानांच्या लक्षात आलं नाही, एवढंच माझं नशीब.